काव्यातील मांजर व पद्यवाचनाचा आनंद

पद्यपाठ शिकवून पुरा होतो आणि पद्य मात्र वर्गाबाहेरच राहते, असा प्रकार प्राथमिक शाळेत पुष्कळदा घडतो. शिक्षक कविता एकदा वाचून दाखवितात, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहितात, मुले ते वहीत उतरवून घेतात, पाठाखालील प्रश्नांची उत्तरे आधी तोंडी व मग लेखी होतात, आणि पहिली दोन कडवी पाठ करून आणण्यास सांगून तास संपतो. यांतील एकही पायरी चुकीची आहे असे नव्हे. तथापि या सर्व पायऱ्या चढून गेल्यावर मुलाला त्या कवितेची गोडी वाटली काय, हे पाहावयाचे राहून जाते. तिसऱ्या-चौथ्या इयत्तेत जी गोडी लागली नाही ती पुढे सातवीत व्याकरणाच्या वाटेने लागेल, अशी आशा धरण्यास फारसा आधार नाही. गद्याची गोष्ट वेगळी आहे. अर्ज, पत्र, हिशेब, वर्तमानपत्र यांसाठी ते कामापुरते लागतेच. पद्य आवडले नाही तर मूल शाळा सुटताच ते टाकून देते, आणि त्यावाचून जन्मभर त्याचे काही अडतही नाही. नुकसान होते ते अशा रीतीने, ज्याचे त्यालाच न कळता होते.

या प्रश्नाचा विचार सर्वसाधारण नियम सांगून करण्यापेक्षा एखादा लहानसा विषय हाती धरून करणे अधिक सोयीचे. येथे मांजराचा विषय घेतला आहे. सिंह, हत्ती, देवमासा यांच्या कवितांसाठी तक्ता लागतो. मांजराला तक्ता लागत नाही. ते चुलीजवळ असते, कणगीच्या आडोशाला असते, पावसाळ्यात पोत्यावर असते, आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या खिचडीच्या वासाने पडवीपर्यंतही येते. वर्गातील प्रत्येक मुलाने ते पाहिलेले असते, आणि तरीही नीट पाहिलेले नसते. कवीचे काम नेमके येथे सुरू होते.

मराठी बोलण्यात मांजर वारंवार येते, परंतु बहुधा बदनाम होऊनच येते. मांजर डोळे मिटून दूध पिते, शिंक्याचे तुटते आणि बोक्याचे पटते, उंदराला मांजर साक्ष असते, कोणी भिजलेल्या मांजरासारखा कोपऱ्यात बसतो, आणि मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधावी हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत एकदा तरी निघतो. संस्कृत कथावाङ्मयातही त्याची तीच गत आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी हात वर करून तप करणाऱ्या व भोळ्या उंदरांना फसविणाऱ्या बोक्याची गोष्ट आहे. पंचतंत्रात ससा आणि कपिंजल पक्षी यांचा तंटा ऐकावयास बसलेला साधुवेषी बोका दोघांनाही खाऊन टाकतो. हितोपदेशातील दीर्घकर्ण आंधळ्या गिधाडाच्या आश्रयाला राहून पाखरांची पिले फस्त करतो. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकातील विशाल शिल्पपटावर पुढचे पाय उंचावून तप करणारे मांजर कोरलेले आहे, आणि त्याच्या पायाशी उंदीर आहेत. आई पिलाला मानेशी धरून नेते ते पाहून दक्षिणेतील श्रीवैष्णव आचार्यांनी ईश्वरकृपेला मार्जारकिशोरन्यायाचा दृष्टांत दिला, हाच काय तो मांजराच्या वाट्याला आलेला मोठा मान.

म्हण आणि नीतिकथा यांना मांजराची गरज असते ती एखादा स्वभाव दाखविण्यापुरती. ढोंगी मनुष्य दाखवावयाचा, म्हणून मांजर. त्या मांजराचा रंग कोणता, ते कसे बसते, उडी मारण्यापूर्वी अंग कसे चोरते, याच्याशी म्हणीला कर्तव्य नसते. कवितेला असते. गोष्टीतले मांजर आणि कवितेतले मांजर यांतील हा फरक शिक्षकाच्या मनात स्पष्ट असला, म्हणजे पद्यपाठाच्या शेवटी ‘या कवितेपासून काय बोध मिळतो’ असा प्रश्न विचारण्याची सवय आपोआप कमी होईल.

संस्कृतातच या फरकाचे एक सुंदर उदाहरण सापडते. काश्मीरमधील अकराव्या शतकातील साहित्यशास्त्रज्ञ मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’त भ्रांतिमान अलंकारासाठी एक श्लोक घेतला आहे. त्याचा आशय असा, की चांदणे इतके पांढरेशुभ्र पडले आहे की खापरात पडलेले चंद्रकिरण दूध समजून मांजर चाटू लागले आहे, आणि झाडांच्या फटींतून उतरलेले किरण कमळाचे देठ समजून हत्ती सोंडेने गोळा करू पाहत आहे. येथे मांजर ढोंगी नाही, लबाडही नाही. ते फसले आहे, आणि त्याचे फसणे पाहून वाचकाला चांदणे दिसते. चांदणे किती पांढरे होते हे कवीने स्वतः सांगितले असते तर त्याचा इतका ठसा उमटला नसता.

वरच्या वर्गांत अलंकार शिकविणाऱ्या शिक्षकांना या एका मांजराकडून बरेच काम करून घेता येईल. चांदणे दुधासारखे आहे असे म्हटले की उपमा झाली. चांदणे म्हणजे जणू सांडलेले दूधच, असे म्हटले की उत्प्रेक्षा. हे दूध की चांदणे, असा मांजराला प्रश्न पडला आणि ते पंजा उचलून थबकले तर ससंदेह. आणि ते थेट चाटू लागले की भ्रांतिमान. व्याख्या पाठ करून घेण्यापूर्वी ही चार मांजरे मुलांसमोर उभी केली, तर व्याख्या मुलेच सांगतील. (कवींनी मांजराला सर्वत्र दूधच पाजले आहे, परंतु पूर्ण वाढ झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध नीट पचत नाही, असे पशुवैद्यकशास्त्र सांगते. ही गोष्ट परिसर अभ्यासाच्या तासाला सांगावी, कवितेच्या तासाला नको.)

युरोपातील मांजरविषयक कवितांपैकी अतिशय जुनी व अतिशय गोड अशी एक कविता नवव्या शतकातील आहे. ती जुन्या आयरिश भाषेत आहे. तिचा कर्ता आयर्लंडमधला, परंतु मायदेश सोडून युरोपच्या मुख्य भूमीवर राहिलेला एक ख्रिस्ती मठवासी होता. त्याचे नाव उपलब्ध नाही. मांजराचे नाव मात्र उपलब्ध आहे, ते पांगूर बान. बान म्हणजे पांढरा. हा मठवासी अभ्यासाची एक वही बाळगून होता. तिच्यात स्तोत्रे आहेत, व्याकरणाची टिपणे आहेत, आणि त्यांतच चार चार ओळींच्या आठ कडव्यांची ही कविता आहे. ती वही आज ऑस्ट्रियातील सेंट पॉल येथील मठात जतन केलेली आहे. कवितेचा विषय एवढाच, की एका खोलीत दोघे आपापल्या कामात गढलेले आहेत. मांजर भिंतीकडे टक लावून उंदराची वाट पाहत आहे, आणि विद्वान पोथीवर नजर लावून कठीण अर्थाची वाट पाहत आहे. उंदीर सापडला की मांजराला आनंद, अर्थ सापडला की विद्वानाला. कोणी कोणाच्या आड येत नाही, आणि एकमेकांचा हेवाही कोणाला वाटत नाही.

ही कविता शिक्षकांनी मुलांना सांगावी, आणि त्याआधी स्वतःसाठी एकदा मनाशी घोळवावी. अर्थ शोधणे हे काम शिकारीइतके रोमांचक आहे, असे तीत गृहीत धरलेले आहे. वर्गातील शब्दार्थाच्या तासात हे गृहीत नसते. तेथे उंदीर आधीच मारून फळ्यावर मांडलेला असतो आणि मुलांनी तो वहीत उतरवून घ्यावयाचा असतो. शिक्षकाने एखादा शब्द अर्थ न सांगता तसाच ठेवला, ‘ही ओळ पुन्हा वाचा, मागची ओळ काय म्हणते पाहा, आता या शब्दाचा काय अर्थ असेल?’ असे विचारून दोन मिनिटे थांबण्याचा धीर धरला, तर भिंतीकडे टक लावून बसणे म्हणजे काय ते मुलांना कळते. हा धीर सोपा नाही. तासाच्या पस्तीस-चाळीस मिनिटांत दोन मिनिटांची शांतता फार लांब वाटते.

इंग्रजी काव्यात मांजरे विपुल आहेत. त्यांतील तीन-चारच येथे घेतली आहेत, आणि त्यांतही क्रिस्टोफर स्मार्टच्या मांजरापाशी थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे.

स्मार्टचा जन्म १७२२ चा. केंब्रिज विद्यापीठात विद्वान म्हणून त्याचा लौकिक होता व तेथील काव्याचे पारितोषिक त्याने अनेकदा मिळविले होते. पुढे त्याला प्रार्थनेचे विलक्षण वेड लागले. रस्त्यात मध्येच गुडघे टेकून तो प्रार्थना करू लागे व येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही बसावयास सांगे. १७५७ नंतरची कित्येक वर्षे त्याला आधी लंडनच्या सेंट ल्यूक्स या वेड्यांच्या इस्पितळात व नंतर एका खाजगी वेडाश्रमात काढावी लागली. १७६३ मध्ये तो बाहेर आला. पुढे कर्ज झाले, आणि १७७१ मध्ये कर्जदारांच्या तुरुंगातच त्याचा अंत झाला. वेडाश्रमातील त्या एकांतात त्याच्याजवळ एक मांजर होते. त्याचे नाव जेफ्री. तेथे असताना स्मार्टने ईश्वरस्तुतीची एक प्रचंड, तुटक, अपूर्ण रचना लिहिली, आणि तीत या जेफ्रीविषयी सत्तरांहून अधिक ओळी आहेत. हस्तलिखित जवळजवळ पावणेदोनशे वर्षे अप्रकाशित राहिले. ते प्रथम छापले गेले १९३९ मध्ये, आणि १९४३ मध्ये बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराने त्यातील काही भागाला, जेफ्रीच्या ओळी धरून, संगीत दिले.

या ओळींना वृत्त नाही, यमक नाही. प्रत्येक ओळ एकाच शब्दाने सुरू होते, जशी देवाची नामावळी एका ठेक्यात पुढे सरकत जाते. आणि त्यांत सांगितलेले सर्व काही प्रत्यक्ष पाहिलेले आहे. सकाळी पहिला प्रकाश दिसताच मांजर अंगाला वळसे देते, ते स्मार्टला प्रातःपूजा करीत आहेसे वाटते. पूजा झाली की ते स्वतःकडे वळते. ते कसे, याच्या त्याने क्रमवार दहा पायऱ्या मोजल्या आहेत. पुढचे पंजे स्वच्छ आहेत काय ते पाहणे, मागील पायांनी झटकणे, आळस देणे, लाकडावर नखे घासणे, अंग धुणे, लोळणे, पिसवा काढणे, खांबाला अंग घासणे, वर पाहणे, आणि शेवटी अन्नाच्या शोधात निघणे. शेजारचे मांजर भेटले तर ते त्याला प्रेमाने स्पर्श करते. उंदीर पकडला तर त्याच्याशी खेळते व त्या खेळात सातांतला एक सुटून जातो. त्याच्या पाठीवरून हात फिरविताना स्मार्टला विजेचा प्रत्यय येतो; तो काळ विजेच्या प्रयोगांचाच होता. कोरड्या थंडीत अंधाऱ्या खोलीत मांजराला कुरवाळून पाहिले तर बारीक ठिणग्यांचा चटचट आवाज आजही ऐकू येईल.

ज्याला लोकांनी वेडा ठरविले व कोंडून ठेविले, त्याच्याइतके लक्षपूर्वक त्या वेडाश्रमाबाहेरच्या शहाण्या लंडनमध्ये किती जणांनी मांजराकडे पाहिले असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. स्मार्टच्या ओळीत आनंद आहे. तो ज्या स्थितीत होता तीत त्याच्याजवळ दुसरे काही उरले नव्हते; उरले होते ते मांजर, आणि पाहण्याची शक्ती. त्या दोन गोष्टींच्या बळावर त्याने कोंडवाड्यातील एक एक दिवस काढला असे मानावयास जागा आहे. कवितेचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पालकाला शिक्षकाने जेफ्रीची हकीकत सांगावी. त्याने समाधान होईलच असे नाही, पण निदान प्रश्न थोडा अवघड होईल.

स्मार्टला कोंडून ठेवण्याची गरज नव्हती, असे त्या काळच्या एका थोर विद्वानाचे स्पष्ट मत होते. हे सॅम्युअल जॉन्सन, १७५५ च्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाचे कर्ते. त्यांच्याकडेही एक मांजर होते, हॉज नावाचे. त्याच्यासाठी कालवे आणावयाला जॉन्सन स्वतः बाजारात जात. हे काम नोकराला सांगितले तर त्याला मांजराचा राग येईल व तो त्या मुक्या प्राण्याचा छळ करील, ही त्यांची धास्ती. चरित्रकार बॉस्वेल याने ही हकीकत १७९१ च्या चरित्रात नोंदली आहे. बॉस्वेलला स्वतःला मांजराची नावड होती, आणि तरीही त्याने ती लिहून ठेवली, हे विशेष.

याच जॉन्सननी मांजराच्या दुसऱ्या एका कवितेवर मात्र कडक टीका केली. १७४७ साली होरेस वॉलपोल या सरदारपुत्राची सेलिमा नावाची मांजर सोनेरी मासे ठेवलेल्या चिनी मातीच्या मोठ्या कुंडात पडून बुडाली. वॉलपोलने आपला मित्र कवी थॉमस ग्रे याला स्मृतिपर काही लिहावयास सांगितले. बुडालेली मांजर दोघींपैकी नेमकी कोणती, याची ग्रेने पत्रातून थट्टेने चौकशीही केली. मग जी कविता आली ती पुढच्याच वर्षी एका संग्रहात छापली गेली. तिची गंमत तिच्या भाषेत आहे. एखादी राजकन्या किंवा वीरांगना धारातीर्थी पडावी त्या थाटाच्या, भारदस्त, पुराणी भाषेत कुंडाच्या काठावरून पाय घसरलेल्या मांजराचे वर्णन आहे. शेवटी तरुण स्त्रियांना उपदेश आहे, की चकाकते ते सारे सोने नसते. जॉन्सननी म्हटले, की ते चकाकणारे खरोखर सोने असते तर मांजर पाण्यात उतरली नसती, आणि उतरली असती तरी ती बुडालीच असती. तेव्हा हा उपदेश कवितेला लागू पडत नाही. तर्क बिनतोड आहे. कविता मात्र आजतागायत वाचली जाते, विल्यम ब्लेकसारख्या कलावंताने तिच्यावर चित्रे काढली, आणि वॉलपोलने ते कुंड आपल्या स्ट्रॉबेरी हिल येथील वाड्यात चौथऱ्यावर मांडून ठेवले. कवितेला शेवटी चिकटविलेला बोध गळून पडतो आणि कविता उरते, याचा याहून चांगला दाखला शोधूनही मिळणार नाही.

परंतु या कवितेत एक अवघड जागा आहे, आणि ती शिक्षकाने ओळखली पाहिजे. एका जिवाच्या मरणाची यात थट्टा आहे. ती थट्टा वॉलपोलला चालली. तो प्रौढ होता, त्याच्या घरी दुसरी मांजर होती, आणि दुःख झाकण्याची ती त्या समाजाची रीत होती. वर्गातील मुलाची स्थिती तशी नसते. पाळलेले मांजर एस.टी.खाली सापडून मेले, किंवा कुत्र्यांनी पिलू मारले, की सात-आठ वर्षांच्या मुलाला मृत्यूची पहिली ओळख होते. घरचे लोक ‘दुसरे आणू’ म्हणतात. अशा दिवशी मांजराची गमतीची कविता शिकविण्याचा तास आला तर शिक्षकाने पाठ पुढे ढकलावा. मुलाला बोलावयाचे असेल तर बोलू द्यावे, त्याचे मांजर कसे होते ते सांगू द्यावे, आणि इतरांनी हसू नये एवढेच पाहावे. ते जे सांगेल ते पाठ्यपुस्तकातील कोणत्याही कडव्यापेक्षा खरे असेल.

वर्डस्वर्थने झडत्या पानांशी खेळणाऱ्या पिलावर लिहिलेली कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत भिंतीवरचे मांजराचे पिलू एकाच वेळी तीन-चार पाने झेलते, आणि कवीला त्याच्या कसरतीवरून हिंदुस्थानी जादूगाराची आठवण होते. आपल्याकडच्या डोंबाऱ्या-गारुड्यांची कीर्ती इंग्लंडच्या डोंगराळ खेड्यापर्यंत पोहोचली होती, हे यावरून दिसते. कवीच्या कडेवर त्याचे तान्हे मूल आहे आणि तेही हसत आहे. या कवितेचा आशय सांगून मुलांना वाळलेली पाने घेऊन अंगणात सोडावे. अधिक विवरणाची गरज नाही.

जपानी हायकूत मांजराला ऋतूचे स्थान आहे. ‘मांजराचे प्रेम’ हा तेथे वसंताच्या आरंभाचा सूचक शब्द मानतात. रात्री कौलांवर चालणारा बोक्यांचा आरडाओरडा ऐकून कवीला थंडी सरल्याची वर्दी मिळते. कोबायाशी इस्सा (१७६३–१८२८) या गरीब व दुःखी कवीने मांजरांवर अनेक हायकू लिहिले. पाच, सात व पाच अशा सतरा ध्वनींत एक क्षण पकडावयाचा, एवढीच मर्यादा. मराठीत शिरीष पै यांनी हा प्रकार रुजविला, आणि शांता शेळके यांनी जपानी हायकूंची मराठी रूपे ‘पाण्यावरच्या पाकळ्या’ या संग्रहात दिली.

फ्रेंच कवी बोदलेअर याच्या १८५७ च्या काव्यसंग्रहात मांजरांवर तीन कविता आहेत. त्यांपैकी चौदा ओळींच्या एका सुनीतावर १९६२ मध्ये भाषाशास्त्रज्ञ याकोबसन व मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्राउस यांनी मिळून एक विस्तृत निबंध लिहिला आणि त्यात नामे, विशेषणे, क्रियापदे, यमके, स्त्रीलिंगी-पुल्लिंगी शब्द यांची बारीक छाननी केली. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले. हे येथे सांगण्याचे कारण एवढेच, की कवितेचे विश्लेषण करणे हे काही पाप नव्हे. ज्यांनी ते केले त्यांनी ती कविता शंभरदा वाचली असली पाहिजे. प्राथमिक शाळेत मात्र एकदा वाचलेल्या कवितेचे विश्लेषण होते, आणि घोटाळा तेथे आहे.

आता टी. एस. इलियट. १९२२ मध्ये दुर्बोध म्हणून गाजलेले दीर्घकाव्य लिहिणारा, १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारा हा गंभीर कवी आपल्या धर्मपुत्रांना व मित्रांच्या मुलांना पत्रांतून मांजरांच्या कविता पाठवीत असे. त्या १९३९ मध्ये, म्हणजे स्मार्टचा जेफ्री छापला गेला त्याच वर्षी, पुस्तकरूपाने आल्या. त्यांवर आधारलेले संगीत नाटक १९८१ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले आणि २००२ पर्यंत तेथे चालले. मराठीतही याला जोड आहे. विंदा करंदीकरांसारख्या विचारप्रधान कवीने १९६१ मध्ये ‘राणीची बाग’ हा प्राण्यांच्या कवितांचा संग्रह लहान मुलांसाठी लिहिला. मोठे कवी मुलांसाठी लिहितात तेव्हा ते काही खाली उतरत नाहीत. ठेका आणि शब्दांचा खेळ यांवरची हुकमत त्यांना तेथे अधिकच पणाला लावावी लागते.

इलियटच्या पुस्तकातील पहिली कविता मांजरांच्या नावांविषयी आहे. तिच्यातली कल्पना अशी, की प्रत्येक मांजराला तीन नावे असतात. एक घरात हाक मारण्याचे, एक त्याच्या रुबाबाला शोभणारे व दुसऱ्या कोणत्याही मांजराचे नसलेले, आणि तिसरे त्याचे त्यालाच ठाऊक असलेले. मांजर डोळे मिटून विचारात गढलेले दिसते तेव्हा ते या तिसऱ्या नावाचे चिंतन करीत असते.

वर्गातील कामाविषयी काही सूचना आता करता येतील. पहिली गोष्ट वाचनाची. मांजराचीच काय, कोणतीही कविता शिकवावयाची असता पुस्तके मिटलेली असावीत आणि शिक्षकाने ती निदान तीनदा वाचावी. पहिल्यांदा सावकाश, दुसऱ्यांदा ठेक्यात, तिसऱ्यांदा मुलांना ओळीच्या शेवटचा शब्द म्हणावयास ठेवून. या तीन वाचनांच्या मध्ये एकही अर्थ सांगू नये. शिक्षकाचा आवाज चांगला नसला तरी चालतो. घाई मात्र चालत नाही. चाल लावण्याचा आग्रहही बेताचाच असावा. एकच चाल सर्व कवितांना लावली की दुःखाची कविता आणि गमतीची कविता कानाला सारखीच लागते, आणि मुले कविता ऐकत नाहीत, चाल ऐकतात.

मात्रांचा खेळ तिसरीपासून घेता येतो. ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला दोन. ‘मांजर’ म्हणजे दोन, एक, एक, अशा चार मात्रा; ‘बोका’ म्हणजे दोन आणि दोन, पुन्हा चारच. तेव्हा बडबडगीताच्या ओळीत मांजराच्या जागी बोका बसविला तर ओळ लंगडत नाही. ‘उंदीर’ घातला की पाच मात्रा होतात आणि ओळ अडखळते. ‘मनीमाऊ’च्या सात मात्रा होतात; आठव्या मात्रेवर मुले आपोआप दम घेतात. छंदःशास्त्राचा एक शब्दही न उच्चारता हे मुलांच्या हाताला कळते.

तिसरे काम निरीक्षणाचे, आणि ते घरी करावयाचे. आठवडाभर मांजर पाहावे आणि रोज एकच गोष्ट वहीत लिहावी. ती दुसऱ्या कोणी सांगितलेली नसावी. ‘मांजर उपयुक्त प्राणी आहे’ हे वाक्य बाद. ‘आजीने ताक घुसळावयास घेतले की आमची मांजर पाटाखाली जाऊन बसते’ हे वाक्य मान्य. उन्हात तिच्या बाहुलीची उभी रेघ होते आणि संध्याकाळी ती गोल होते, हे ज्या मुलाने स्वतः पाहिले त्याला शाबासकी द्यावी. शुद्धलेखनाच्या चुका त्या दिवशी तांबड्या शाईने खुणावू नयेत. घरच्या बोलीतला शब्द आला तर तो फळ्यावर तसाच लिहावा. घरी मांजर नसेल त्याने शेजारच्या घरचे पाहावे. मांजर आडवे गेले म्हणून मागे फिरणारे कोणी दिसले तर तेही लिहावे, आणि मांजर नेमके कोठे चालले होते याचाही तपास करावा.

आठवड्याच्या शेवटी ही वाक्ये मोठ्याने वाचली जावीत. मग मुलांनी आपापल्या मांजराला तीन नावे द्यावीत. पहिली दोन नावे पाटीवर लिहावीत. तिसऱ्यासाठी पाटीवर रिकामी जागा सोडावी, आणि ते नाव कोणी शिक्षकांनाही सांगू नये.